मराठीच्या उंबरठ्यावरून जपानी भाषेकडे

(शिक्षक, पंचायत सदस्य आणि शासकीय अधिकारी यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



जपानी भाषेशी आपला संबंध तो काय, असा प्रश्न आजच्या व्याख्यानाचा विषय ऐकून आपणांपैकी काहींच्या मनात आला असेल. त्याचे एक उत्तर या सभागृहाच्या दाराशीच उभे आहे. ज्या रिक्षातून आपल्यापैकी कित्येकजण आज येथे आले, तिचे नाव मुळात जपानी आहे. 'जिन्' म्हणजे मनुष्य, 'रिकि' म्हणजे शक्ती आणि 'शा' म्हणजे गाडी. माणसाने ओढावयाची ही 'जिन्‌रिकिशा' एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जपानात निघाली आणि तेथून आशियाभर पसरली. पुढे ओढणारा माणूस जाऊन इंजिन आले. नाव मात्र टिकले. २००४ सालापासून आपल्या सर्वांच्या तोंडी बसलेला 'त्सुनामी' हा शब्दही तिकडचाच. 'त्सु' म्हणजे बंदर, 'नामि' म्हणजे लाट.

दुसरे उत्तर अधिक गंभीर आहे. जपानची लोकसंख्या २००८ च्या सुमारास शिखराला पोहोचली आणि त्यानंतर ती घटू लागली. आज तेथे दर दहा माणसांमागे जवळजवळ तीन माणसे ६५ वर्षांवरील आहेत. काम करणारे हात कमी पडू लागल्यामुळे त्या देशाने एप्रिल २०१९ मध्ये 'विशिष्ट कौशल्यधारक कामगार' या नावाची नवी प्रवेशव्यवस्था सुरू केली. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम, अन्नप्रक्रिया, उपाहारगृहे अशी क्षेत्रे तीत येतात. या व्यवस्थेबाबत भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१ मध्ये सहकार्याचा करार झाला. ऑगस्ट २०२५ मध्ये उभय देशांनी जो कृतिआराखडा जाहीर केला, त्यात पाच वर्षांत दोन्ही दिशांनी मिळून ५ लाख लोकांच्या देवाणघेवाणीचे उद्दिष्ट असून, भारतातून जपानला जाणाऱ्या ५० हजार कुशल व होतकरू व्यक्तींचा त्यात समावेश आहे.

म्हणजे उद्या आपल्या गावातील एखादा तरुण किंवा एखादी परिचारिका आपल्याकडे येऊन विचारणार आहे, "सर, जपानी मला जमेल का?" त्या प्रश्नाला खोटा धीर देणारे उत्तर जितके घातक, तितकेच "ते आपले काम नव्हे" हे उत्तरही घातक. मी भाषाशास्त्रज्ञ नव्हे. कलाशाखेचा एक पदवीधर, माहिती खात्यातील सेवक, आणि चाळिशी उलटल्यावर हौसेने या भाषेची पहिली पुस्तके उघडलेला एक विद्यार्थी, एवढ्याच नात्याने बोलत आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे की, जपानी भाषेचे प्राथमिक शिक्षण इंग्रजीच्या वाटेने न घेता मराठीच्या वाटेने घेतले, तर आरंभ आपल्याला वाटतो त्याहून पुष्कळ सोपा आहे. मात्र त्यापुढे जी मेहनत लागते, तिला आडवाट नाही.

वर्णमालेचे नाते

जपानी लेखनात तीन प्रकारची अक्षरे एकत्र नांदतात. हिरागाना आणि काताकाना या दोन लिप्यांत प्रत्येकी ४६ मूळ चिन्हे आहेत. आपल्या बाराखडीप्रमाणेच प्रत्येक चिन्ह हे सामान्यतः एक पूर्ण अक्षर असते: का, कि, कु, के, को. हिरागाना देशी शब्दांसाठी व व्याकरणाच्या प्रत्ययांसाठी, तर काताकाना मुख्यतः परदेशी शब्दांसाठी व परकीयांच्या नावांसाठी वापरतात. तिसरा प्रकार म्हणजे चीनमधून आलेली कांजी ही चित्राक्षरे. त्यांच्याविषयी पुढे बोलेन.

आता या लिप्यांचा क्रम पाहा. स्वर असे: अ, इ, उ, ए, ओ. त्यानंतर व्यंजनांच्या ओळी अशा: क, स, त, न, ह, म, य, र, व. हा क्रम ऐकून आपल्यातील शिक्षकांचे कान निश्चित टवकारले असतील. आपली मुले अंकलिपीत जो क्रम घोकतात, त्याचेच हे संक्षिप्त रूप आहे. 'क' नंतर 'च' च्या जागी 'स' आहे, कारण त्या अक्षराचा प्राचीन उच्चार 'च' च्या जवळचा होता, असे अभ्यासक मानतात. 'प' च्या जागी 'ह' आहे, कारण आज 'ह' म्हटले जाणारे अक्षर पूर्वी 'प' असे उच्चारले जाई. त्याची खूण लिपीत अजून शिल्लक आहे. 'हा' या अक्षराला दोन बारीक रेघा दिल्या की 'बा' होतो आणि छोटे वर्तुळ दिले की 'पा' होतो. 'का' ला तशाच दोन रेघा दिल्या की 'गा', 'ता' ला दिल्या की 'दा'.

हे साम्य योगायोगाने आलेले नाही. बौद्ध धर्माबरोबर संस्कृत मंत्र आणि ते लिहिण्याची 'सिद्धम्' ही भारतीय लिपी चीनमार्गे जपानात पोहोचली. बोधिसेन नावाचा भारतीय भिक्षू इ.स. ७३६ मध्ये जपानला गेला, आणि नारा येथील तोदाइजी मंदिरातील महाबुद्धाच्या मूर्तीचा नेत्रोन्मीलन विधी ७५२ साली त्याच्याच हस्ते झाला. पुढे संस्कृत ध्वनिशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या जपानी भिक्षूंनी आपली अक्षरे त्याच पद्धतीने मांडली. अकराव्या शतकापासून या मांडणीचे लिखित पुरावे आढळतात. आजचा जपानी शब्दकोश याच क्रमाने लावलेला असतो. इंग्रजीवाटे येणाऱ्या विद्यार्थ्याला हा क्रम पाठ करावा लागतो. मराठी विद्यार्थ्याला तो केवळ ओळखावा लागतो.

उच्चारांतील सोय आणि फसगत

उच्चारांच्या बाबतीतही मराठी आपल्याला पुष्कळ हात देते. जपानीत 'ति' आणि 'तु' या जागी 'चि' आणि 'त्सु' असे उच्चार होतात. 'त्सुकुए' म्हणजे मेज. यातील 'त्सु' चा उच्चार अनेक परकीयांना कष्टाने साधतो. आपण मात्र 'चूल' म्हणताना तो रोज करतो. 'चि' चा उच्चार आपल्या 'चिमणी' तला आहे. मासिकाला जपानीत 'जाश्शि' म्हणतात. त्यातील 'जा' आपल्या 'जागा' मधल्यासारखा उच्चारला की झाले.

जपानीत 'न्' साठी एक स्वतंत्र अक्षर आहे. त्याचा उच्चार पुढच्या व्यंजनाप्रमाणे बदलतो. वर्तमानपत्र म्हणजे 'शिंबुन', येथे तो 'म्' सारखा. बँक म्हणजे 'गिंको', येथे तो 'ङ्' सारखा. सर्वजण म्हणजे 'मिन्ना', येथे शुद्ध 'न्'. आंबा, पंखा, आनंद हे शब्द लिहिताना आपला अनुस्वार हेच काम करतो. जो नियम इतरांना समजावून सांगावा लागतो, तो आपल्या जिभेला आधीच ठाऊक आहे.

पण येथेच एक सावधगिरीची सूचना देतो. जपानीत ऱ्हस्व आणि दीर्घ यांचा भेद काटेकोर आहे, आणि तो 'ए' व 'ओ' या स्वरांतही आहे. आपली देवनागरी तो भेद दाखवत नाही. 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या. तोच 'बा' लांबवून 'ओबाआसान' म्हटले की आजी झाली. 'ब्योइन्' म्हणजे रुग्णालय, 'बियोइन्' म्हणजे केशभूषागृह. 'किते' म्हणजे 'ये', 'कित्ते' म्हणजे टपालाचे तिकीट. 'र' आणि 'ल' असे दोन वेगळे वर्ण जपानीत नाहीत. दोहोंच्या मधला एकच आहे. म्हणून देवनागरीत जपानी लिहून घेणे पहिल्या आठवड्यापुरते ठीक. पुढे तो पांगुळगाडा ठरतो. रोमन लिपीचा आधार तर त्याहून वाईट, कारण तेथे इंग्रजी उच्चारांची सवय आड येते. पहिले दोन-तीन आठवडे केवळ हिरागाना गिरवण्यात घालवावेत. आपण पाटीवर मुळाक्षरे गिरवली तशीच.

वाक्याची बांधणी

मराठी माणसाला खरा दिलासा मिळतो तो वाक्यरचनेत. हे वाक्य पाहा: "वाताशि वा माइनिचि गाक्को दे कोदोमो नि निहोंगो ओ ओशिएमासु." शब्दाला शब्द ठेवून त्याचे मराठी असे: "मी रोज शाळेत मुलांना जपानी शिकवतो." एकाही शब्दाची जागा बदलावी लागली नाही. कर्ता आधी, कर्म नंतर, क्रियापद अखेरीस. हीच आपली रीत. विभक्तीचे प्रत्ययही आपल्याप्रमाणे शब्दाच्या मागे लागतात. 'गाक्को दे' शाळेत, 'कोदोमो नि' मुलांना, 'मुंबई कारा' मुंबईहून, 'पुणे नो' पुण्याचा. या मागून लागणाऱ्या चिमुकल्या शब्दांना जपानी व्याकरणात 'जोशि' म्हणतात. आपल्याकडील जोशी मंडळींनी गैरसमज करून घेऊ नये; येथला उच्चार 'ज्योतिषी' मधल्या 'ज्यो' सारखा आहे!

प्रश्न विचारण्याची रीत तर आपल्या शेजारघरचीच वाटेल. "कोरे वा होन् देसु का?" याचा अर्थ "हे पुस्तक आहे का?" वाक्याच्या शेवटी 'का' लावला की प्रश्न झाला. "आत्सुइ देसु ने" म्हणजे "गरम आहे ना". होकाराची अपेक्षा ठेवणारा आपला 'ना' तेथे 'ने' आहे. अर्थात हे साम्य योगायोगाचे आहे. त्यावरून दोन्ही भाषा एका कुळातल्या ठरत नाहीत, आणि तसे कोणी ठासून सांगू लागल्यास त्यावर विश्वास ठेवू नये. परंतु योगायोगाने मिळालेली सोयही सोयच असते.

याहून सूक्ष्म साम्य संयुक्त क्रियापदांत आहे. 'ताबेते मिमासु' यात 'मिरु' हे पाहण्याचे क्रियापद आहे. अर्थ, 'खाऊन पाहतो'. 'काइते ओकिमासु' यात ठेवण्याचे क्रियापद आहे. अर्थ, 'लिहून ठेवतो'. 'मोत्ते किमासु' म्हणजे 'घेऊन येतो', 'काइते आगेमासु' म्हणजे 'लिहून देतो'. खाऊन पाहण्यात डोळ्यांचे काम काय, हे इंग्रजी भाषकाला समजावून सांगण्यास एक तासिका लागते. मराठी मुलाला ते वाक्य ऐकताक्षणी कळते. मात्र शिक्षकाने तुलना मराठीशी केली पाहिजे. आपल्याकडील बहुसंख्य पाठ्यपुस्तके इंग्रजीतून स्पष्टीकरण देतात. मराठी माध्यमातील मूल त्या स्पष्टीकरणापाशीच अडते आणि आपल्याला जपानी येत नाही असे समजून बसते. वास्तविक त्याला अडवलेले असते इंग्रजीने.

काही बाबतींत जपानी मराठीपेक्षाही सोपी आहे. नामांना लिंग नाही. क्रियापद कर्त्याप्रमाणे बदलत नाही. 'इकिमासु' या एका रूपात जातो, जाते, जातात, जाईन हे सर्व सामावते. आकडे तर अत्यंत सरळ आहेत. इचि, नि, सान्, योन्, गो, रोकु, नाना, हाचि, क्यू, जू हे दहा शब्द आले की अकरा म्हणजे 'जू-इचि', सत्तेचाळीस म्हणजे 'योन्‌जू-नाना', म्हणजेच 'चार दहा, सात'. आपल्या एकोणसाठ आणि एकोणसत्तरच्या घोळात सापडलेल्या मुलांना हेवा वाटावा अशी ही व्यवस्था आहे. फक्त मोठ्या संख्या दहा हजारांच्या 'मान्' या एककाने मोजतात. आपला एक लाख म्हणजे तेथे 'जूमान्', दहा मान्. वेतनाची रक्कम समजून घेताना हे ध्यानात ठेवणे अगत्याचे.

जेथे कष्ट आहेत

इतके ऐकून जपानी म्हणजे हातचा मळ, असा समज होऊ नये. दोन डोंगर पुढे उभे आहेत.

पहिला डोंगर कांजीचा. काही कांजी चित्रासारख्या सुलभ आहेत. फांद्या पसरलेल्या खोडासारखे चिन्ह म्हणजे झाड. तीच दोन शेजारी मांडली की राई. तीन मांडली की वन. परंतु सर्वच अक्षरे अशी उलगडत नाहीत. नित्य व्यवहारासाठी जपान शासनाने निश्चित केलेल्या यादीत २०१० च्या सुधारणेनंतर २,१३६ कांजी आहेत. त्यांपैकी १,०२६ तेथील मुले प्राथमिक शाळेच्या सहा वर्षांत शिकतात. शिवाय बहुतेक कांजीला दोन वाचने असतात, एक देशी आणि एक चिनी वळणाचे. हे ऐकून दचकण्याचे कारण नाही. आपणही तहान लागली की 'पाणी' मागतो, पण शासकीय योजनेचे नाव 'जलसंधारण' ठेवतो. पाण्याचे तिकडचे अक्षर एकटे असता 'मिझु' असे वाचतात आणि नळपाणी योजनेच्या शब्दात 'सुइदो' असे, म्हणजे 'सुइ'. देशी शब्द सुटा आणि परंपरेने आलेला शब्द समासात, ही विभागणी मराठी माणसाच्या अंगवळणी आहे. तरीही पाठांतर चुकत नाही. रोज पाच अक्षरे लिहून काढणारा विद्यार्थी टिकतो. परीक्षेच्या आधी शंभर पाहणारा टिकत नाही.

दुसरा डोंगर आदरार्थी भाषेचा. तू, तुम्ही आणि आपण यांतील फरक जाणणाऱ्या आपल्याला ती परकी वाटू नये. पण तिचा रोख वेगळा आहे. आपण "आमचे वडील आले" असे आदराने म्हणतो. जपानीत बाहेरच्या माणसाशी बोलताना स्वतःच्या वडिलांना साध्या शब्दाने 'चिचि' म्हणतात आणि समोरच्याच्या वडिलांना आदराने 'ओतोसान्'. जे आपल्या घरचे, ते लीनतेने सांगावयाचे. जे दुसऱ्याचे, ते गौरवाने. दुसऱ्याच्या नावापुढे 'सान्' लावावे, स्वतःच्या नावापुढे कदापि नाही. आरंभी 'देसु' आणि 'मासु' या शेवटांची सभ्य भाषा पक्की केली म्हणजे कोठेही अवमान होत नाही.

किती काळ लागतो

आता ज्या प्रश्नावर गावोगावच्या कुटुंबांचा पैसा पणास लागतो, त्याकडे वळतो. जपानी भाषा प्रावीण्य परीक्षा १९८४ साली सुरू झाली. आरंभी तिच्या चार पातळ्या होत्या. २०१० पासून पाच आहेत. सर्वांत प्राथमिक ती एन-५ आणि सर्वोच्च ती एन-१. आपल्या राज्यात पुणे व मुंबई ही तिची केंद्रे आहेत. पूर्वीच्या पद्धतीत सर्वांत खालच्या पातळीसाठी सुमारे १५० तासांचे अध्ययन, १०० कांजी आणि ८०० शब्द असे प्रमाण सांगितलेले असे. त्यावरील पातळीसाठी सुमारे ३०० तास, ३०० कांजी आणि १,५०० शब्द. आजच्या एन-५ आणि एन-४ या पातळ्या साधारणपणे त्यांच्याच जागी आहेत. विशिष्ट कौशल्यधारक म्हणून प्रथमच जाऊ इच्छिणाऱ्यास सामान्यतः एन-४, अथवा त्या तोडीची जपान फाउंडेशनची मूलभूत परीक्षा, आणि त्याखेरीज आपल्या कामाची कौशल्य परीक्षा उत्तीर्ण व्हावी लागते. शुश्रूषेच्या कामासाठी त्या क्षेत्राच्या भाषेची आणखी एक परीक्षा असते.

हिशेब आपणच करावा. रोज एक तास, आठवड्यातून सहा दिवस, या गतीने १५० तासांना २५ आठवडे लागतात. ३०० तासांना जवळजवळ वर्ष. दिवसाकाठी पाच-सहा तास शिकवणाऱ्या निवासी वर्गात काळ आटोपतो, तास आटोपत नाहीत. यास्तव "महिनाभरात भाषा, पुढल्या महिन्यात विमान" असे आश्वासन कोणी देऊ लागला, तर त्याला एकच प्रश्न विचारावा: रोज किती तास शिकवणार? उत्तरातील गुणाकार ३०० च्या जवळ जात नसेल, तर पैसे देण्यापूर्वी थांबावे.

आधी कोणती वाक्ये?

पुस्तके बहुधा "माझे नाव अमुक" येथून सुरुवात करतात. ते योग्यच. पण कामासाठी जाणाऱ्यास मी आणखी काही वाक्ये पहिल्याच आठवड्यात शिकवण्याचा आग्रह धरीन. "वाकारिमासेन्", मला समजले नाही. "मो इचिदो ओनेगाइ शिमासु", कृपया पुन्हा एकदा सांगा. "आबुनाइ", धोका आहे. "इताइ देसु", दुखते आहे. "तासुकेते", मदत करा. कारखान्यात यंत्राजवळ उभ्या असलेल्या मुलाला सूचना कळली नसता तो संकोचाने "हाइ" म्हणाला, तर त्या एका शब्दात त्याचे बोट जाऊ शकते. वृद्धाश्रमात शय्येवरील आजी 'इताइ' म्हणते तेव्हा परिचारिकेला तो शब्द शोधत बसता येत नाही. त्यात 'हाइ' हा शब्द फसवा. पुष्कळदा तो आपल्या 'हं' सारखा, ऐकतो आहे एवढेच सांगणारा असतो. त्याला संमती समजू नये. रुग्णवाहिका व अग्निशमनासाठी ११९ आणि पोलिसांसाठी ११० हे तेथील क्रमांकही याच यादीत असावेत.

या संदर्भात जपाननेच शिकलेला एक धडा आपणां शासकीय मंडळींच्या उपयोगाचा आहे. १७ जानेवारी १९९५ रोजी कोबे परिसरात भीषण भूकंप झाला. सहा हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्या वेळी तेथे राहणाऱ्या अनेक परदेशीयांना जपानी अजिबात येत नव्हती असे नाही. परंतु सूचना ज्या जड, कार्यालयीन भाषेत दिल्या जात होत्या, ती त्यांना कळत नव्हती. त्यातून 'यासाशिइ निहोंगो', म्हणजे 'सोपी जपानी', या चळवळीचा उगम झाला. हिरोसाकी विद्यापीठातील अभ्यासकांनी आपत्तीच्या वेळी वापरावयाच्या सुबोध भाषेवर काम केले. सुरक्षित स्थलांतरासाठीचा जड शब्द 'हिनान्'. त्याऐवजी 'निगेरु', म्हणजे पळणे, हा रोजचा शब्द वापरावा. वाक्य आखूड असावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. २०२० साली तेथील शासनाने परदेशी रहिवाशांसाठी सोप्या जपानीची मार्गदर्शक तत्त्वेच प्रसिद्ध केली.

आम्हां माहिती खात्यातील लोकांना यातून बोध घेण्यासारखे पुष्कळ आहे. पण नवशिक्या विद्यार्थ्यासाठी त्याचा अर्थ आशादायक आहे. आखूड, सोप्या वाक्यांची जपानी ही अपुरी जपानी नव्हे. खुद्द जपानी अधिकाऱ्यांनी जी शिकावी असे तेथील शासनाला वाटते, ती भाषा आहे. एन-५ च्या विद्यार्थ्याने आपल्या तुटपुंज्या वाक्यांची लाज बाळगू नये.

आपल्याकडून अपेक्षा

शिक्षक बंधुभगिनींनो, आपणांस जपानी येत नसली तरी तिचा पहिला पाठ देणे आपल्याला शक्य आहे. मराठीच्या तासाला विभक्ती शिकवताना 'ला' च्या शेजारी 'नि' आणि 'हून' च्या शेजारी 'कारा' लिहून दाखवा. वर्णमालेचा प्रवास सांगा. जगातील एक दूरची भाषा आपल्या व्याकरणाने उलगडते, हे ज्या मुलाने एकदा पाहिले, त्याला स्वतःच्या मराठीविषयी वेगळा आदर वाटू लागेल. पुढील शिक्षणाची सोय आपल्या राज्यात आहे. पुण्यात विद्यापीठाच्या रानडे इन्स्टिट्यूटमधील परकीय भाषा विभागात आणि टिळक महाराष्ट्र विद्यापीठात ही भाषा शिकवली जाते. मूलभूत पाठ जपान फाउंडेशनने संगणकावर विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत.

पंचायत सदस्यांना विनंती अशी की, परदेशी नोकरीसाठी जमीन गहाण टाकण्याची भाषा एखाद्या घरात सुरू झाली, तर त्या घरी एकदा जावे. विदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या एजंटाची १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी आवश्यक असून, ती परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर पडताळून पाहता येते. भाषेचे प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे आणि नोकरीचे पत्र म्हणजे व्हिसा नव्हे, हे तीन कागद वेगवेगळे आहेत, एवढे जरी आपण समजावून सांगितले तरी पुष्कळ काम होईल. नोकरीच्या करारावर सही करण्यापूर्वी त्यातील वेतन, कपात आणि कामाचे तास यांचा अर्थ मराठीत मागण्याचा हक्क आपल्या मुलांनी बजावला पाहिजे.

जपानला न जाणाऱ्यांनीही ही भाषा शिकावी काय? अवश्य शिकावी. ज्या भाषेत आपल्या वर्णमालेची खूण हजार वर्षे जपली गेली, तिच्याशी ओळख करून घेण्यास नोकरीचे निमित्त कशाला हवे? पण जो जाणार आहे, त्याला मात्र भाषा आधी आणि पारपत्र मागाहून, हा क्रम आपण सांगितला पाहिजे. परमुलखात माणूस एकटा पडतो तेव्हा त्याच्या खिशातील पैसा फार दिवस पुरत नाही. समजले नाही हे निःसंकोच सांगता येणे आणि सांगितलेले समजणे, एवढी शिदोरी त्याच्यापाशी असली की तो निभावून नेतो. ती शिदोरी बांधून देण्याचे काम त्याच्या गावातच, त्याच्या मायबोलीतूनच सुरू होऊ शकते.